मदत हवी आहे : फॉइलवरच्या चित्राचा ठसा काळाकुट्ट येतोय (तातडीचं)

पारडं | सोमवार, रात्री ११:४०

जाणकारांनो, लवकर सांगा. रविवारी कार्यक्रम आहे आणि हातात फक्त तीन बरी कार्डं आहेत.

स्वयंपाकघरातल्या अॅल्युमिनियम फॉइलवर चित्र काढून वर कोला ओतायचा आणि ठसे घ्यायचे, ती पद्धत करतेय. काल पहिले तीन ठसे झक्कास आले. पांढऱ्या कागदावर नुसता एक तराजू, बाकी काही नाही. आज बसले तर अख्खी फॉइलच शाई धरायला लागली. जिथे काही काढलेलंच नाही तिथेही. पुसलं, परत कोला ओतला, नवी फॉइल घेतली, तेच. आठ फॉइल गेल्या. आईने आता रोल लपवून ठेवलाय.

काय चुकतंय? कार्डं ७५ हवीत. "दुकानातून छापून घे" हे कृपया सांगू नका.

बत्तीस_शिराळा | सोमवार, रात्री ११:५२

कोला कुठला? शाई कुठली? कागद? दाब कशाने देताय? चित्र कशाने काढलंय? फोटो टाका.

पारडं | मंगळवार, रात्री १२:०५

फोटो चढत नाहीये. कोला म्हणजे कोला. शाई काळी. कागद साधा. चमच्याने घासतेय. पहिले तीन आले म्हणजे पद्धत बरोबर आहे ना? मग मध्येच काय बिघडलं एवढंच विचारतेय.

खोडरबर | मंगळवार, सकाळी ७:१०

एवढा खटाटोप कशाला? शाळेचं मोठं खोडरबर घ्या, तराजू उलटा काढून कटरने कोरा, शिक्क्याच्या पॅडवर दाबा. अर्ध्या तासात ७५ कार्डं. मी दिवाळीचे आकाशकंदील असेच छापते, एकच खोडरबर तीन वर्षं चाललंय. कोरताना पातं अंगठ्याच्या दिशेने आणू नका, इतकंच.

गुऱ्हाळ | मंगळवार, सकाळी ८:३०

ताई चमच्यानं कुठं दाब बसतोय व्हय. दाब पायजे दाब. आमचा रसवंतीचा चरक हाय पलूस रोडला, बोल्ट आवळला की उसाचं चिपाड निघतंय तसा कागद निघंल. गेल्या साली एक कॉलेजची पोरं आलती, ज्यूसच्या खोक्याच्या आतल्या चकचकीत बाजूवर सुईनं रेघा मारल्याली. चरकातनं काढलं तर अशी छपाई आली की बघतच राहावं. या की कधीबी, रस फुकट.

माणदेशी | मंगळवार, सकाळी ९:०२

गुऱ्हाळ, चरकाच्या रुळांना खाचा असतात. कागदावर उसाच्या पेरासारखे पट्टे उठतील.

गुऱ्हाळ | मंगळवार, सकाळी ९:१५

आवो खाली प्लायवूड, वर प्लायवूड, मधी घोंगडं. खाचा कुठनं लागत्यात?

माणदेशी | मंगळवार, सकाळी ९:२१

घोंगडं बरोबर. परदेशातल्या छपाईच्या यंत्रातही रुळाखाली लोकरीचा नमदा घालतात, आपलं जाड विणीचं घोंगडं तेच काम करतं. पण प्लायवूड दोन बाजूंनी घातल्यावर तुमच्या चरकात जागा उरते का? आणि मुळात पारडं यांची पद्धत वेगळी आहे. खोक्यावर सुईने ओरखडतात तेव्हा शाई ओरखड्यात बसते, ती उपसून काढायला दाब लागतो आणि कागदही ओलसर लागतो. फॉइलवर शाई वरच्यावर असते. तिला चरकातून काढलं तर फॉइलची पुरणपोळी होईल.

शिळाछाप | मंगळवार, सकाळी १०:४०

मी मिरजेत ऑफसेटवर एकतीस वर्षं काढली. आता निवृत्त. प्रश्न चांगला आहे, माहिती मात्र चिमूटभर दिली आहे.

तुमचं हे फॉइल म्हणजे आमच्या शिळाछापाचंच लहान भावंड. बव्हेरियातल्या सेनेफेल्डरने १७९६ च्या सुमारास आईची धुण्याची यादी कागद सापडेना म्हणून दगडावर लिहिली, तिथून ही विद्या निघाली. चुनखडीचा दगड, त्यावर तेलकट खडू, बाकी ओलं. शाई तेलकट खुणेला चिकटते, ओल्या जागेवरून घसरते. दगडाच्या जागी फॉइल आणि आम्लाच्या जागी कोला, ही युक्ती फ्रान्समधल्या एमिली एझिए यांनी २०११ मध्ये आणली. कोल्यात फॉस्फोरिक आम्ल असतं. मोकळ्या धातूवर त्याने असा पातळ थर बसतो की तो पाणी धरून ठेवतो आणि तेल झिडकारतो.

म्हणजे सगळी फॉइल शाई धरतेय याचा अर्थ एकच. मोकळी जागा तेलकट तरी झालीय नाहीतर कोरडी तरी पडतेय. का, ते तुम्ही सांगितल्याशिवाय कळणार नाही. शाई "काळी" म्हणजे कसली? दौतीची, पॅडची, का छापखान्याची? आणि पहिल्या दिवसानंतर काय काय बदललं? तुम्हाला क्षुल्लक वाटेल तेही लिहा.

वाईची_सून | मंगळवार, दुपारी १:१५

छान धागा! याच पद्धतीने कॉटनच्या साडीच्या काठावर छापता येईल का? धुतल्यावर रंग जाईल का? माझ्याकडे पांढरी नऊवारी पडून आहे.

जत_एक्स्प्रेस | मंगळवार, दुपारी २:००

कोल्याच्या बाटलीवर घटकांच्या यादीत ३३८ आकडा आहे का बघा. ते फॉस्फोरिक आम्ल. लिंबाच्या सोड्यावर ३३०, म्हणजे सायट्रिक. माझ्या मेव्हण्याने घरात होता म्हणून जिरा सोडा ओतला आणि दिवसभर फॉइलला शिव्या घालत बसला.

पारडं | मंगळवार, सायंकाळी ६:३५

३३८ आहे. बाटली तीच आहे, परवाचीच. गॅस गेलाय, पण त्याने फरक पडत नाही असं कुठेतरी वाचलं होतं.

शाई छापखान्याची आहे. गावभागातल्या एका लग्नपत्रिकावाल्या काकांनी डबीत काढून दिली. रूळ रबराचा. खाली काच. फॉइलची निस्तेज बाजू वर ठेवून कडा काचेमागे दुमडल्यात. ऑइल पेस्टलने चित्र, कोला, धुणं, मग तेलाने चित्र पुसून टाकणं (ते पुसलं तरी जागा तेलकट राहते, हो ना), मग ओला स्पंज, मग शाई. सगळं बरोबर केलंय.

खोडरबरवाल्या ताई, खोडरबर चालणार नाही. चित्र मी काढलेलं नाही. आजोबांनी काढलंय. त्यांची पंच्याहत्तरी आहे. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यात त्यांनी चाळीस वर्षं तोलाईदारी केली, म्हणजे माल तोलून दिला. आता हात थरथरतो. त्यांनी पेस्टलने एका दमात तराजू काढला, सात रेघा फक्त, दांडीची रेघ मध्ये जरा थरथरलीय. ती थरथर तशीच्या तशी कागदावर उतरते म्हणून तर ही पद्धत धरली. खोडरबरात मी कोरली तर ती माझी रेघ होईल.

बाकी बदललं काही नाही. शाई फार घट्ट होती, रूळ फिरेना, दंड भरून आले, म्हणून काल थोडं शेंगतेल घातलं. तेवढंच.

शिळाछाप | मंगळवार, सायंकाळी ६:५०

"तेवढंच." वा. अहो, तेच.

पारडं | मंगळवार, सायंकाळी ६:५३

पण तेल तर पद्धतीतच आहे! चित्र पुसायला तेलच वापरतात की.

शिळाछाप | मंगळवार, सायंकाळी ७:२०

चित्र पुसताना तेल लागतं ते कोला लावून झाल्यावर, मोकळ्या जागेवर थर बसल्यावर. तेही कापडाने जवळजवळ कोरडं पुसून घ्यायचं. शाईत तेल घातलं की शाई पातळ होते आणि पातळ शाईला आपली हद्द कळत नाही. ओल्या जागेवरही पसरते. ऑफसेटवर आम्ही याला "प्लेट धरली" म्हणायचो. मालक आरडाओरडा करायचे ते याच दिवशी.

सुरीच्या टोकावर शाई घ्या आणि वर उचला. काकवीसारखी सलग तार धरून ओघळली तर ती कामाची नाही. गुळाच्या पाकाची गोळी जमते ना, तशी ताठ पाहिजे, ओढली की तटकन तुटणारी. काचेवर रूळ फिरवताना कानही द्या. बारीक चरचर ऐकू आली पाहिजे, मोहरी तडतडायच्या जरा आधी तेल करतं तशी. चिपचिप आवाज आला तर शाई जास्त झालीय.

दंड भरून येणारच. रूळ एकदा जोरात दाबण्याऐवजी हलका ठेवून वीस वेळा फिरवा.

इतिहासवेडा | मंगळवार, रात्री ८:०५

मिरजेचा विषय निघालाच आहे म्हणून. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली भगवद्गीता मिरजेत १८०५ साली निघाली. नाना फडणविसांच्या पदरी तयार झालेला कारागीर पुढे मिरजकर पटवर्धनांच्या आश्रयाला आला, त्याचं हे काम. घरगुती छपाईची परंपरा आपल्या जिल्ह्याला दोनशे वर्षांची आहे!

बत्तीस_शिराळा | मंगळवार, रात्री ८:२०

घरगुती कसली, संस्थानिकाच्या आश्रयाची. आणि मराठी छपाई म्हणाल तर १८३१ चं गणपत कृष्णाजींचं पंचांग. तेही शिळाछापच.

इतिहासवेडा | मंगळवार, रात्री ८:२६

मी "मराठी" म्हटलं नाही. गीता संस्कृत आहे. आणि मराठीच हवं असेल तर विल्यम केरी या मिशनऱ्याचं मराठी व्याकरण श्रीरामपूरला १८०५ मध्येच छापलं, पंचांगाच्या आधी सव्वीस वर्षं.

जत_एक्स्प्रेस | मंगळवार, रात्री ८:३०

श्रीरामपूर म्हणजे नगर जिल्ह्यातलं?

इतिहासवेडा | मंगळवार, रात्री ८:३१

बंगालमधलं.

माणदेशी | मंगळवार, रात्री ८:४४

धाग्याचा विषय फॉइल आहे. पारडं, पंखा चालू असतो का? चैत्रात दुपारी पंख्याखाली फॉइल दहा सेकंदांत कोरडी होते. रूळ फिरवायच्या आत ओल उडाली की कोरड्या ठिपक्यांवर शाई बसते. माझं मत, निम्मा दोष पंख्याचा.

शिळाछाप | मंगळवार, रात्री ८:५८

निम्मा नाही, पाव. पण आहे. पंखा बंद करा आणि प्रत्येक वेळी रूळ फिरवण्याआधी स्पंज फिरवा. ओल अशी हवी की तिरकं पाहिलं तर चमक दिसेल, थेंब दिसणार नाहीत. स्पंज दोन ठेवा, एक धुवायला आणि एक ओलीसाठी. चित्र पुसायचं तेलाचं कापड त्यांच्या आसपासही नको. आणि मोकळ्या फॉइलला बोट लावू नका. बोटाचं तेल ठशात तुमच्या रेषांसकट दिसतं, पोलिसांना द्यावं असं.

पारडं | मंगळवार, रात्री ९:१०

स्पंज एकच होता. 🙈

सगळ्या डबीत तेल घातलंय. काकांचं दुकान लग्नसराईमुळे रात्री बारापर्यंत चालू असतं पण ते आता फोन उचलत नाहीत. आहे त्या शाईचं काही करता येईल का?

शिळाछाप | मंगळवार, रात्री ९:१८

संगजिऱ्याची बारीक पूड मळून बघा. थोडी थोडी घाला, कणीक मळतो तशी सुरीने काचेवर रगडा. शाई थोडी करडी पडेल, घट्ट होईल.

खोडरबर | मंगळवार, रात्री ९:४०

थरथरती रेघ खोडरबरातही कोरता येते बरं का. ट्रेसिंग पेपरवर घेऊन उलटी दाबायची. पण आजोबांचं कळल्यावर माझा आग्रह सोडला. कार्डावर नाव, तारीख काही असेल तर ते खोडरबराने करा. फॉइलवर अक्षरं उलटी काढायला लागतात, ७५ चा आकडा उलटा काढायला आजोबांना सांगणार का?

पारडं | बुधवार, सकाळी ७:००

आकडा काढायला सांगितलं होतं. म्हणाले, "उलटा हिशेब मी जन्मात केला नाही." ते प्रत्येक कार्डावर पेनाने सही करणार आहेत.

संगजिरं घरात नव्हतं म्हणून रात्री रांगोळी घातली. रांगोळी खरबरीत. रूळाला चिकटली आणि फॉइलवर ओरखडे पडले. नववी गेली.

गुऱ्हाळ | बुधवार, सकाळी ७:४०

ताई रांगोळी दाराम्होरं घालत्यात. 😄 चरक मोकळाच हाय.

शिळाछाप | बुधवार, सकाळी ८:१०

बाजारातल्या रांगोळीत काय काय दगड दळलेला असतो ते देवालाच ठाऊक. अंगाला लावायची टाल्कम पावडर असेल ना? तेच संगजिरं, चाळलेलं. नाहीतर सरळ काकांकडे जाऊन नवी शाई आणा आणि सांगा की डब्याच्या तळची घट्ट द्या.

आणि एक. फॉइलकडून ७५ ची अपेक्षा धरू नका. दगड हजारो ठसे द्यायचा. रविवर्म्यांच्या छापखान्यात घाटकोपरला १८९४ पासून देवांची चित्रं दगडांवरूनच निघायची, एकेका रंगाला वेगळा दगड. तुमची फॉइल म्हणजे त्यापुढे पापड. दहा-बारा झाले की नवी घ्या.

वाईची_सून | बुधवार, सकाळी ११:३०

साडीचं कुणी सांगितलं नाही. शिवाय हळदीने पिवळं छापता येईल का? सांगलीला हळद स्वस्त.

माणदेशी | बुधवार, दुपारी १२:१०

वाईची_सून, फॉइल कापडासाठी नाही, कापडाला लाकडी ठसे आणि कापडाचा रंग लागतो. हळदीची हौस करू नका. उन्हात चार दिवसांत फिकी पडते आणि साबण लागला की लाल होते. हळद आणि चुन्याचं कुंकू होतं तोच प्रकार. नऊवारीवर कुंकवाचे डाग पडल्यासारखं दिसेल.

वाईची_सून | बुधवार, दुपारी १२:१४

मग हळदीकुंकवालाच नेसेन. धन्यवाद.

बत्तीस_शिराळा | बुधवार, दुपारी ३:००

मला अजून कागद कुठला ते कळलेलं नाही. विचारून तीन दिवस झाले.

पारडं | गुरुवार, रात्री १०:५०

बत्तीस_शिराळा, तेव्हा दीडच दिवस झाला होता, आणि कागद ड्रॉइंग बुकातलाच. त्याला थोडा खडबडीतपणा आहे, त्यामुळे चमच्याने जास्त घासावं लागतं. आज वहीचा गुळगुळीत कागद लावून पाहिला तर तो जास्त बरा आला पण पातळ पडला. शेवटी लग्नपत्रिकेचे उरलेले जाड, चकाकी नसलेले कागद काकांनीच दिले. त्यांच्याकडे गेले तेव्हा तेलाचं सांगितलं, तर त्यांनी कपाळावर हात मारला आणि नवी शाई दिली, तीही थोडीशीच. म्हणून निम्मी नवी, निम्मी जुनी पावडर घातलेली वापरतेय. जुन्या शाईच्या कार्डांना तान्ह्या बाळाचा वास येतोय. आईचं म्हणणं, राहू दे.

पंखा बंद. दोन स्पंज. तेलाचं कापड गॅलरीत. चरचर ऐकू आली, शिळाछापकाका! आधी कळत नव्हतं, मग घरातल्या सगळ्यांना टीव्ही बंद करायला लावला तेव्हा आली.

पहिल्या फॉइलचे अकरा निघाले. बाराव्याला डावं पारडं भरून काळं झालं.

शिळाछाप | गुरुवार, रात्री ११:०५

अकरा उत्तम. आता एकावर एक रचू नका. वाळत घालायच्या दोरीला चिमटे लावून टांगा, नाहीतर एकाचा तराजू दुसऱ्याच्या पाठीवर उठेल. ही शाई हवेवर वाळायला वेळ घेते. शेवटचा ठसा उद्या दुपारच्या आत काढा, म्हणजे रविवारपर्यंत बोटाला लागणार नाही.

खोडरबर | गुरुवार, रात्री ११:२०

नवीन फॉइलवर चित्र पुन्हा कसं आणताय? ट्रेस करून?

पारडं | शुक्रवार, सकाळी ६:४५

नाही, आजोबाच दरवेळी नवं काढतात. पेस्टल देते, ते चष्मा लावतात, मनगट टेकू नका म्हटलं तरी टेकतात आणि मनगटाचा ठसा कोपऱ्यात येतो. तेवढा भाग कागदाबाहेर ठेवतेय. प्रत्येक फॉइलचा तराजू वेगळा आहे. पाचव्यात दांडी एका बाजूला झुकली होती. मला ती सगळ्यात आवडली. त्यांनी फॉइल चुरगळून टाकली. म्हणाले, तोलाईदाराच्या पत्रिकेवर असा काटा बरा दिसत नाही, दुसरी आण.

आई, रोल कुठे ठेवलाय?

जत_एक्स्प्रेस | शुक्रवार, सकाळी ६:५८

आई या संस्थळावर आहेत?

पारडं | शुक्रवार, सकाळी ७:०१

वाचते फक्त. रोल मिळाला, पिठाच्या डब्यामागे होता.